बोंडल्याने पाजलेलं तेल

तुम्ही दोघं भावंडं आई-बाबांबरोबर परदेशी गेलात तेव्हा मांजरी सात वर्षांची होती आणि तिची मूत्रपिंडं थकलेली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून तसं सांगितलं होतं, आणि ते तुमच्यापासून कुणी लपवलं नव्हतं. तुमच्या बाबांना रांजणगावच्या कंपनीने बाहेर पाठवलं. निघायच्या सकाळी धाकटीने मांजरी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आजी, आम्ही मे महिन्यात येणार. तोपर्यंत हिला सांभाळ." तेव्हा ऑगस्ट होता. मी हो म्हणाले.

शिरूरच्या आमच्या घरात तिचं सगळं वेळेवर होत असे. सकाळच्या पाळीच्या कंपनीच्या बसेस रस्त्यावरून गेल्या की मी तिला ओट्यावर घेऊन बसायची आणि उवांच्या बारीक फणीने विंचरायची. तिचे केस लांब आणि राखाडी होते. आजारी मांजर अंगात पाणी धरत नाही. किती प्यायली तरी कोरडीच राहते, आणि चाटताना गिळलेले केस पोटात पुढे सरकत नाहीत. मग त्यांचा गोळा होतो. मी एक वही केली होती. तारीख, वेळ, उलटी केसांची की नुसती पाण्याची, जेवली की नाही. तुमचे आजोबा म्हणायचे, "दौंडच्या शाळेत मुलींची हजेरी घ्यायचीस, आता हिची घे."

थंडी सरली आणि तिचे केस पुंजक्यांनी गळू लागले. फेब्रुवारीत तिने ओल्या लोकरीच्या वातीसारखे दोन गोळे ओकून टाकले. मार्च सरता सरता गोळे येणं थांबलं आणि तिचं खाणंही थांबलं. तुमच्या आईने जाताना मांजरांवरची एक छोटी इंग्रजी पुस्तिका ठेवली होती. तीत लिहिलं होतं की थोडं लिक्विड पॅराफिन, ते पोट साफ करायचं बिनवासाचं तेल, मांजराच्या पंजाला लावावं, म्हणजे ते स्वतः चाटून घेतं. मी तसं केलं. तिने पंजा झटकला. थोडं तेल भिंतीवर गेलं, थोडं चादरीवर. पोटात किती गेलं ते कळेना, आणि वहीत काय लिहावं तेही कळेना. मला ती पद्धत अर्धवट वाटली.

मी कपाटातून बोंडलं काढलं. चोचीसारख्या तोंडाचं ते चांदीचं भांडं तुम्ही दोघांनी पाहिलं आहे. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुमच्या बाबांना मी त्याच बोंडल्याने दूध पाजलं, गुटी पाजली आणि दर रविवारी एरंडेल पाजलं. मूल पायांवर आडवं घ्यायचं, दोन बोटांनी गाल दाबायचे, मान मागे करायची आणि ओतायचं. घोट गिळल्याशिवाय मुलाला सोडायचं नाही. तुमच्या बाबांनी हातपाय झाडले, पण एक थेंबही कधी सांडला नाही. शेजारणी आपली मुलं माझ्याकडे घेऊन यायच्या.

मांजरीला तुमच्या आजोबांनी टॉवेलात गुंडाळून धरलं. मी तिची मान मागे केली आणि एक चमचाभर तेल आत सोडलं. ती ठसकली, डोळे मोठे केले आणि गप्प झाली.

"अगं, हिला नकोय ते," आजोबा म्हणाले.

"एरंडेल कुणाला हवं असतं?" मी म्हणाले, आणि वहीत लिहिलं, 'एक चमचा, पूर्ण.'

तिसऱ्या दिवशी ती खोकू लागली. पोट जमिनीला टेकवायची, मान पुढे ताणायची आणि खक् खक् करायची. बाहेर काहीच येत नसे. मी समजले, गोळा वर आलाय आणि घशाशी अडकलाय. म्हणून सकाळबरोबर संध्याकाळीही तेल सुरू केलं.

त्या रविवारी तुमचा फोन आला. धाकटीने विचारलं, "कशी आहे?" मी म्हणाले, केसांचा त्रास आहे, औषध चालू आहे. माझ्या मागे मांजरी खोकत होती. तुम्ही विचारलंत, तो आवाज कसला? मी सांगितलं, गोळा निघतोय.

खोकला वाढला तेव्हा आम्ही तिला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. आमच्यापुढे एक म्हैस होती आणि दोन कालवडी. डॉक्टर तरुण होते, याच तालुक्यातले.

"बाई, म्हशीच्या पोटातनं मी खिळे काढल्यात, साडीची चिंधी काढलीय. मांजर आजच बघतोय."

"मग तिनेही म्हशीसारखा नंबर लावलाय," आजोबा म्हणाले. "बघा आता."

डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं. मग नळी छातीला लावली आणि बराच वेळ तिथेच ठेवली.

"पोट मोकळं हाय. घरघर छातीत हाय. काय पाजलंत का?"

"पॅराफिन."

"छातीत तर न्हाई ना गेलं?"

"नाही. मी मापाने देते."

"माप न्हाई विचारलं मी," ते म्हणाले, आणि इंजेक्शन भरायला वळले.

मला राग आला. घरी येताना मी आजोबांना म्हणाले की यांना म्हशीपलीकडे काही कळत नाही. आजोबांनी पिशवी छातीशी धरली होती. त्या संध्याकाळी मी पुन्हा तेल पाजलं.

शेजारच्या खालांनी परसात तीन शेळ्या पाळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ताक द्यायला आल्या, तेव्हा आमचं पाजणं चाललं होतं. त्या दारातच थांबल्या.

"बाई, असं मान वर करून पाजता व्हय?"

"मग कसं पाजणार?"

"आम्ही शेळीला तेल पाजताना तिची मान खालीच ठेवतो. वर केली की छातीत जातंय. लेकराला ठसका लागला तर रडून बाहेर काढतंय. जनावर न्हाई काढत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला इचारायचं व्हतं की. भिंतीपलीकडंच तर हाय मी."

मी बोंडलं खाली ठेवलं. त्या गेल्यावर वही उघडली. पहिल्या दिवसापुढे 'एक चमचा, पूर्ण' लिहिलं होतं. तिसऱ्या दिवसापुढे 'खोकला सुरू.' त्याखाली 'मात्रा दोनदा.' पुढे रोज 'खोकला जास्त.' सगळं माझ्याच अक्षरात, सुवाच्य, एकाखाली एक. मुली धडा न समजता नुसता उतरवून आणायच्या तेव्हा मी त्यांना बाकावर उभं करायची.

तेल बंद केलं. डॉक्टर दोनदा घरी आले, सलाईन कातडीखाली दिलं, छातीसाठी इंजेक्शनं दिली. मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती अकरा दिवस जगली. झोपता येत नसे म्हणून बसूनच असायची, कोपरं बाहेर काढून, तोंड उघडं ठेवून. शेवटी मोरीच्या गार फरशीवर जाऊन बसली. दुपारी दोनच्या सुमारास गेली. एप्रिल निम्मा सरला होता.

आजोबांनी तिला परसात लिंबाच्या झाडाखाली पुरलं. हात धुताना म्हणाले, "धरत मी होतो." एवढंच. आता विचारायला ते नाहीत.

तुम्हाला फोनवर मी सांगितलं, झोपेत गेली, मूत्रपिंडांमुळे. मे महिन्यात तुम्ही आलात. धाकटीने झाडाखाली बसून विचारलं, "आजी, तिला त्रास झाला?" मी म्हणाले, नाही. धाकटे, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मला वाटलं, मी तुला जपते आहे. खरं तर मी स्वतःला जपत होते.

मागच्या महिन्यात तुझं पत्र आलं. तुझ्याही घरी आता लांब केसांची मांजर आहे, ती केस ओकते, आणि तू विचारलं आहेस की आजी तेव्हा काय करायची. त्या प्रश्नाला खोटं उत्तर देता येणार नाही. म्हणून हे लिहिलं.

रोज विंचर. पाणी दोन ठिकाणी ठेव. नुसती खोकली आणि काहीच बाहेर आलं नाही, तर केस समजू नकोस, डॉक्टरांकडे ने. तेल द्यायला सांगितलंच तर पंजाला लाव आणि चाटू दे. चादरीला लागेल, भिंतीला लागेल, किती पोटात गेलं ते कळणार नाही. न कळू दे.

आणि तिला त्रास झाला होता. खूप झाला होता.

बोंडलं तुझ्या आईने मागितलं आहे, पुढे कुणाच्या बाळाला होईल म्हणून. मी ते अजून पाठवलेलं नाही.