बोटीचं बूच

जगात ऋतू दोनच, असं आमच्या समोरच्या घरातल्या काकांचं ठाम मत आहे. एक बोट पाण्यात असण्याचा आणि दुसरा बोट झाकून ठेवण्याचा. काका मूळचे वसईचे. कॅनडातल्या बॅरीत येऊन तीस वर्षं झाली, तरी पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकायची तिकडची लगबग त्यांच्या अंगातून गेलेली नाही. इथे पावसाच्या जागी बर्फ आला, एवढंच. त्यांची बोट म्हणजे चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढी ॲल्युमिनियमची डबी, पण तिच्या हिवाळ्याची तयारी एखाद्या जहाजाला शोभेल अशी असते.

गीझचा, म्हणजे इथल्या रानहंसांचा, पहिला थवा दक्षिणेकडे निघाला की काकांना जेवण गोड लागत नाही. पेट्रोल टिकावं म्हणून त्यात औषध घालायचं, इंजिनाचं तेल बदलायचं, बॅटरी काढून बेसमेंटमध्ये न्यायची. तिथल्या पाहुण्यांच्या खोलीत ती जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून सहा महिने मुक्काम करते. एकदा आमची घर तापवणारी फर्नेस बंद पडली म्हणून मी त्या खोलीत राहायला गेलो, तर काकांनी मला एक ब्लँकेट दिलं आणि बॅटरीला दोन. वर म्हणाले, "तुला थंडी वाजली तर तू सांगशील. ती कुणाला सांगणार?" ताडपत्रीच्या गाठी तर अशा मारतात की वसंतात त्या त्यांच्या त्यांनाही सुटत नाहीत, सुरीच लागते. बोटींच्या धक्क्यावरचे मरिनावाले मशीनने प्लॅस्टिक गुंडाळून देतात, असं शेजारच्या एका गोऱ्या गृहस्थांनी सुचवलं, तेव्हा काका त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

सगळ्यात शेवटी बूच. बोटीच्या मागे, तळाशी एक भोक असतं, त्याला पितळेचं बूच. हिवाळ्यात ते काढून ठेवायचं, म्हणजे आत शिरलेलं पाणी वाहून जातं. उन्हाळ्यात ते लावल्याशिवाय बोट पाण्यात घालता येत नाही. हे बूच काकांनी काकूंच्या हातात द्यायचं, काकूंनी ते येशूच्या तसबिरीमागे ठेवायचं आणि ईस्टर झाल्याशिवाय परत करायचं नाही, हा त्या घरचा कायदा. एका वर्षी मार्चमध्येच छान ऊन पडलं, तेव्हा काकांनी तीन दिवस न सांगता भांडी घासून पाहिली. बूच मिळालं नाही.

गेली दोन वर्षं काकू विसरायला लागल्या आहेत. चष्मा फ्रीजमध्ये सापडतो, चहात साखर दोनदा पडते. यंदा ईस्टरला तसबिरीमागे बूच नव्हतं. काकांनी तांदळाची पिंपं उपसली, हिवाळी बुटांत हात घालून पाहिले. मी म्हटलं, दुकानात पाच मिनिटांत नवं मिळेल.

"मिळेल रे," काका म्हणाले. "पण नवं लावलं की तिला कळेल, मी शोधायचं सोडलं."

उन्हाळाभर बोट ड्राइव्हवेवरच राहिली. संध्याकाळी दोघं तिच्यात बसून चहा घ्यायची आणि काकू मला हाक मारून सांगायच्या, आज मासे लागत नाहीत. ही थट्टा होती की विसर, ते मला कधी समजलं नाही.

तरीही गीझ निघाले आणि काकांनी पाण्याला न शिवलेल्या त्या बोटीची तयारी काढली. औषध, तेल, बॅटरी, सगळं साग्रसंगीत. ताडपत्री धरायला मी होतो. शेवटची गाठ बसली तेवढ्यात काकू जॅकेट घालून बाहेर आल्या आणि दरवर्षीसारखा हात पुढे केला.

"द्या बूच."

मी चटकन काकांकडे पाहिलं. काकांनी मात्र शांतपणे खिशातून बूच काढलं. ते नवंच होतं, पण पॉलिश पेपरने घासघासून त्याची चकाकी घालवलेली होती. बोट तरंगवायला जे त्यांनी आणलं नाही, ते काकूंना ठेवायला देण्यासाठी आणलं होतं. काकूंनी ते अंगठ्याने चाचपलं, काकांकडे नीट पाहिलं आणि मूठ मिटली.

"ह्या वर्षी जपून ठेवते हं," त्या हळूच म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका बोटीकडे वळून नुकतीच मारलेली गाठ सोडवायला लागले. ती अर्थातच सुटेना. मलाही भरून आलं होतं, म्हणून मदतीच्या निमित्ताने मीही वाकलो, आणि आम्ही दोघं माना खाली घालून बराच वेळ त्या गाठीशी झटत राहिलो.