परतीची दुसरी वाट

चार वर्षे मी माझ्या धाकट्या भावाशी बोललो नव्हतो. पत्रे मात्र अकरा लिहिली होती, त्यांतली शेवटची दोन रजिस्टर्ड. कोकणात गावी आई वारली आणि मी अंधेरीहून पोहोचण्याआधीच त्याने तिचे दफन उरकले, हा माझा आरोप होता. चाळीस वर्षे कोर्टात कारकुनी केलेला मी. पहिल्याच पत्रात लिहून टाकले होते, ‘आपला कोणताही खुलासा ग्राह्य धरला जाणार नाही.’ त्याने एकाही पत्राला उत्तर दिले नाही. मौन म्हणजे कबुली, असे मी धरून चाललो.

त्या बकरी ईदलाही मी याच निर्धाराने नमाजला निघालो. मनात मात्र एक टोचणी होती. ईदच्या नमाजला एका वाटेने जावे आणि परतताना दुसरी धरावी, अशी आमची रीत. माझी दुसरी वाट भावाच्या इमारतीखालून जाते, म्हणून चार वर्षे मी आल्या वाटेनेच परतत होतो. कुर्बानीचे तीन वाटे होतात : घरचा, नातलगांचा आणि गोरगरिबांचा. नातलगांच्या यादीतून त्याचे नाव मी स्वतःच्या हाताने खोडले होते. महापालिकेपासून साऱ्या जगाला पत्रांतून नियम दाखवणारा मी; इथे दोन नियम मोडून बसलो होतो.

खुतब्यात, म्हणजे इमामांच्या प्रवचनात, अल्लाहच्या हुकमावरून मुलाची कुर्बानी द्यायला निघालेल्या हजरत इब्राहिमांची कथा ऐकली. मग गळाभेटी सुरू झाल्या. एका अनोळखी वृद्धाने मला घट्ट मिठी मारली.

“ईद मुबारक! ओळखलंत? तुमच्या आईच्या मय्यतीला होतो मी. काय भांडलात हो त्या दिवशी गाववाल्यांशी! सगळे म्हणतायत दुपारच्या नमाजनंतर माती द्या, नि तुम्ही दारात आडवे. ‘माझा भाई आल्याशिवाय उचलायची नाही!’ पार दिवस मावळून मगरीबची नमाज होईपर्यंत थांबवलंत. पोचले का नंतर तुमचे भाई?”

आम्हा भावांचे चेहरे सारखे. त्यांनी मला धाकटा समजले होते. “पोचला,” मी कसाबसा म्हणालो. त्या दिवशी घाटात एस.टी. बंद पडली होती. मगरीबनंतर तासाभराने मी गावात उतरलो होतो. पुढे काही विचारणार, तोच ते गर्दीत दिसेनासे झाले. पुन्हा कधी दिसले नाहीत.

एकतर्फी निकालांवर आयुष्यभर संतापणाऱ्या मी माझ्या भावाला एकही सुनावणी दिली नव्हती. पाय दुसऱ्या वाटेला वळले. वळवले मीच, की कुणी, हा वाद मी घालत नाही.

त्याने दार उघडले, माझे रिकामे हात पाहिले.

“काय भाई, यंदा नोटीस हातोहात?”

“नाही. नातलगांच्या वाट्यातला पहिला वाटा संध्याकाळी तुझ्याकडे आणतोय. घेशील का, विचारायला आलो.” मी उंबरठ्याबाहेरच उभा होतो. “मगरीबपर्यंत थांबलास. सांगितलं का नाहीस रे?”

“खुलासा ग्राह्य नव्हता ना,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. “आत ये आधी. उन्हातून आलायस.”

अल्लाहने इब्राहिमांकडे त्यांची सर्वांत प्रिय वस्तू मागितली होती. माझी सर्वांत प्रिय वस्तू मुलगा नव्हती, घर नव्हते. ‘माझेच बरोबर’ ही होती. ती त्या उंबरठ्यावर ठेवूनच मला आत जाता आले. महापालिकेला तुंबलेल्या गटारांबद्दल पत्रे मी आजही लिहितो, तितक्याच रागाने. पण ईदला आता त्या दुसऱ्या वाटेने आम्ही दोघे परततो. त्या अनोळखी माणसासाठी मी दुआ मागतो. नाव ठाऊक नाही, पण ज्याने पाठवले त्याला ते ठाऊक असेल.