मंदाच्या खळ्याचा नकाशा

तारापूरजवळच्या कोळीवाड्यात मंदा तांडेल गेली चाळीस वर्षं बोंबील सुकवते. किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागेत, खळ्यावर, तिची सासूही बांबूच्या वलांड्या, म्हणजे मासे टांगायच्या दांड्या, उभ्या करायची. तीन वर्षांपूर्वी एका रिसॉर्ट कंपनीनं ती जागा मागितली. गावच्या सभेत कंपनीच्या माणसानं नकाशा उलगडला. खळ्याच्या जागी लिहिलं होतं, ‘पडीक’.

“कागदावर नाय म्हणून आमी नाय का?” मंदानं विचारलं. कंपनीच्या माणसानं नकाशा गुंडाळून ठेवला.

तिची भाची उन्नती पुण्यात नर्सिंग शिकत होती. पेठेत जुने नकाशे विकणारी दुकानं आहेत, असं ती फोनवर सहज बोलली. दुसऱ्याच दिवशी मंदा एसटीत बसली.

उन्नतीला घेऊन ती पेठेत फिरली. पहिल्या दोन दुकानांत हत्ती, किल्ले आणि राजेरजवाड्यांची चित्रं होती. तिसऱ्या दुकानदारानं कोकणपट्टीचा एक रंगीत नकाशा काढला. “मावशी, हॉलमध्ये छान दिसेल.”

“मला हॉल नाय भाऊ. मला माझा किनारा पायजे.”

तो कंटाळला, पण ती हलली नाही. दुपारनंतर त्यानं माळ्यावरून एक लांब गुंडाळी आणली. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज खलाशांनी काढलेला सागरी नकाशा. उन्नतीनं भिंगातून अक्षरं वाचली आणि ओरडली, “मावशी, तारापूरच्या खालीच दांड्या काढल्यात! बाजूला लिहिलंय, मासे सुकवायची जागा.”

मंदानं बोट ठेवलं. खाडीचं वळण तेच, खडकही तोच.

“हा एका हॉटेलवाल्यानं सांगून ठेवलाय,” दुकानदार म्हणाला.

“त्याला भिंत सजवायचीय. माझं पोट हाय त्यात. मी उठनार नाय इथनं.” ती उंबऱ्यातच बसली. दिवेलागणीला दुकानदारानं हॉटेलवाल्याला फोन करून दुसरा नकाशा देऊ केला, आणि हा मंदाला विकून पावती लिहून दिली. वर्ष, मूळ मालक, शिक्का, सगळं त्यात होतं.

मंदानं कंपनीच्या मागणीवर हरकत नोंदवली. त्या सुनावणीत महसूल अधिकारी म्हणाले, “बाई, हा समुद्राचा नकाशा आहे. जमिनीचा नाही.”

“साहेब, बोटीतून जाणाऱ्या परक्या मानसांना आमी दिसलो. तुमी तर जमिनीवर उभं हाव.”

मागं बसलेल्या कोळीवाड्यातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. साहेबांनी नकाशाची प्रत फायलीला लावली आणि नव्यानं मोजणीचा हुकूम दिला. निकाल अजून लागलेला नाही.

त्या हंगामात खळ्यावर पूर्वीपेक्षा जास्त वलांड्या चढल्या. कोणाच्या परवानगीनं हे चाललंय, असं विचारायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा मंदा ओले बोंबील टांगत होती.

“बाजूला हो,” ती म्हणाली, “ऊन अडतंय.”