प्रश्न विचारून थांबणं

ती पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा मला वाटलं, तपासणी आहे. मी खडू खाली ठेवला, पदर सारखा केला आणि मुलांना उभं राहण्याची खूण केली. मुलं एका सुरात ‘गुड मॉर्निंग मॅडम’ ओरडली. खिचडी खाऊन झाली होती, दुपार कलायला लागली होती, पण आमच्याकडे पाहुण्याला गुड मॉर्निंगच म्हणतात.

तिनेच घाईघाईने हात जोडले. “मॅडम, मी अधिकारी नाही. विद्यार्थिनी आहे. पीएच.डी. करते.”

गोंदिया शहरातली मुलगी. तिशी गाठलेली नसावी. मराठी स्वच्छ, पण वळण हिंदीचं. जिल्हा परिषदेच्या शाळांत दुसरी भाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवली जाते, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. त्यासाठी तिला माझ्या सहावीच्या वर्गात वार्षिक परीक्षेपर्यंत बसायचं होतं, माझे तास रेकॉर्ड करायचे होते. कार्यालयाची परवानगी तिने आणलेली होती. आमचे मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, कुठलाही गुंता नको असलेला माणूस. ते म्हणाले, “बसू द्या मॅडम. वरून आलेलं आहे.”

“दुसरी भाषा नका लिहू,” मी तिला म्हटलं. “माझ्या वर्गात काही लेकरं घरी पोवारी बोलतात, काही गोंडी. मराठीच त्यांची दुसरी. इंग्रजी तिसरी.”

तिने ते लगेच लिहून घेतलं. मला जरा बरं वाटलं. मग तिने संमतीचा कागद वाचून दाखवला. माझं नाव, शाळेचं नाव कुठेही येणार नाही. रेकॉर्डिंग माझ्या होकाराशिवाय कोणालाही ऐकवलं जाणार नाही. मी सही केली. अशा कागदांवर सह्या करायची आम्हाला सवय असते.

पहिले काही दिवस मी निव्वळ नाटक केलं. इस्त्रीची साडी, सगळी वाक्यं इंग्रजीत, हातात चित्रांचे तक्ते. मुलं माझ्याकडे परक्या बाईकडे पाहावं तशी पाहत. मी इंग्रजी वाचते, लिहिते, शिकवते. बोलत मात्र कोणाशी नाही. बोलणार कोणाशी? त्यामुळे असं नाटक फार दिवस रेटता येत नाही. हळूहळू मी नेहमीसारखी शिकवायला लागले. ती मागच्या बाकावर आणि तिचं ते लहानसं यंत्र माझ्या टेबलावर, याची सवय झाली.

एकदा मधल्या सुट्टीत मीच विचारलं, “काय निघून राहिलं मग आमच्या वर्गातून?”

ती थोडी घुटमळली. “ऐकायचं आहे का, मॅडम?”

रिकाम्या वर्गात बसून मी कानात त्या यंत्राच्या इअरफोनचं बोंडूक घातलं. स्वतःचा आवाज ऐकणं मोठं अवघड असतं. आधी तर हसूच आलं. एका पोराला मी दटावत होते, “काऊन रे, तोंड काऊन उघडून नाही राहिला? उघडलं तर माशा शिरतील काय?” वर्ग खिदळत होता. मग इंग्रजी सुरू झालं.

“व्हॉट इज धिस? धिस इज अ प्लाउ. से, प्लाउ.”

“व्हेअर इज द बॉय गोइंग? द बॉय इज गोइंग टू द मार्केट. से.”

मी पुढचा तास लावायला सांगितला. मग त्याच्याही पुढचा. सगळीकडे तेच. मराठीत मी एखादी गोष्ट विचारली की वाट पाहत होते, चिडवत होते, अर्धा शब्द सुचवत होते. इंग्रजीत मात्र प्रश्न आणि उत्तर एका श्वासात. मधे कोणाला तोंड घालायला फटच नाही. आपण मुलांना प्रश्न विचारतो असं मी इतकी वर्षं समजत होते. प्रत्यक्षात मी एकटीच बोलत होते, मुलं फक्त मागून री ओढत होती.

“तुम्ही एकट्याच नाही, मॅडम,” ती म्हणाली. “मी जिथे जिथे बसले तिथे हेच ऐकलं.”

तिने समजूत काढली होती, पण मला राग आला. “पोरांना उत्तर येतच नाही, तर थांबून काय करू?”

“थांबल्याशिवाय कसं कळेल, येतं की नाही?”

मी यंत्र तिच्यापुढे सरकवलं आणि घंटा व्हायच्या आधीच उठले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती यायची, मागे बसायची, नमस्कार करून जायची.

मी अर्जुनी मोरगावहून स्कुटीने येते. कालव्याच्या काठाने रस्ता आहे, दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या धानाच्या बांध्या. त्या रस्त्यावर डोकं मोकळं असतं, आणि तिथेच मला कळलं की मी का थांबत नाही. मुलांना उत्तर येणार नाही, ही भीती नव्हतीच. भीती उलटी होती. थांबले आणि एखादं पोर पुस्तकात नसलेलं काही बोललं, तर त्याला तिथल्या तिथे इंग्रजीत काय म्हणणार? पुस्तकातलं सगळं मी आदल्या दिवशी बसवून येते. हे कुठून बसवून आणणार? मी स्कुटी कडेला लावली आणि काही वेळ तशीच उभी राहिले.  कोणी बघितलं तर काय, असं वाटत होतं, जसं काही ते माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. तिने काही शहाणपण शिकवलं नाही. एवढंच म्हणाली, “प्रश्न विचारा आणि नुसत्या उभ्या राहा. पुस्तकात बघू नका, फळ्याकडे वळू नका.”

पहिला दिवस फार वाईट गेला. मी प्रश्न विचारून उभी राहिले. मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. शेवटी एक मुलगी काळजीने म्हणाली, “मॅडम, तब्येत बरी नाही काय?” सगळा वर्ग हसला आणि मी घाईने स्वतःच उत्तर देऊन टाकलं. पण सोडलं नाही. आठवड्याभराने एखादा शब्द यायला लागला. मग अर्धं वाक्य, मोडकं, मधे झाडीबोली मिसळलेलं.  कधी मलाही शब्द सापडायचा नाही. मग आम्ही सगळे मिळून शोधायचो.

याच सुमारास पंचायत समितीतल्या शिक्षकांच्या बैठकीत तंबी मिळाली. इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी. मुलांनी पूर्ण वाक्यात, न अडखळता उत्तरं दिली पाहिजेत. गटशिक्षणाधिकारी साहेब कुठल्याही शाळेत न सांगता येतील.

ते आमच्याकडे आले तेव्हा मी फळ्यावर चित्र लावून नुकताच प्रश्न विचारला होता. “व्हाय इज द ओल्ड मॅन सिटिंग अंडर द ट्री?” फाटकाशी गाडीचा आवाज आला, मुख्याध्यापक व्हरांड्यातून धावत आले आणि त्यांच्या मागून साहेब आत शिरले. मुलं उभी राहिली, गुड मॉर्निंग झालं. साहेब मागच्या बाकावर, तिच्या शेजारी जाऊन बसले.

“चालू द्या,” ते म्हणाले.

मी प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. द ओल्ड मॅन इज टायर्ड. से. मुलांनी ते एका दमात म्हटलं असतं आणि साहेब खूश होऊन गेले असते. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. ती मला काही सुचवणार नव्हती.

मी थांबले.

स्वयंपाकघरातून पातेलं घासल्याचा आवाज येत होता. पंखा कुरकुरत होता. मुलं साहेबांकडे वळून पाहत होती आणि पुन्हा माझ्याकडे. दारात मुख्याध्यापक हाताने खुणावत होते, बोला, बोला. साहेबांनी मोबाईल काढून पाहिला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. माझ्या हातातला खडू घामाने ओला झाला होता. आता बोलते, आता बोलते, असं मी मनात म्हणत होते.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा अर्धवट उठला. “ही इज वेट.”

“वेटिंग!” साहेब मागून ओरडले. “ही इज वेटिंग. सगळे म्हणा.”

सगळ्यांनी म्हटलं. तो मुलगा खाली बसला.

“मॅडम, पुढे चला,” साहेब म्हणाले.

मला पुढे जाता आलं असतं. पण तो मुलगा अजून माझ्याकडे बघत होता. मी त्यालाच विचारलं, “वेटिंग फॉर व्हॉट?” आणि परत थांबले. 

“फॉर बस,” तो म्हणाला.

“नो बस,” खिडकीजवळची मुलगी म्हणाली. “वॉटर ऑन... मॅडम, पुलाले काय म्हणते?”

“ब्रिज.”

“वॉटर ऑन ब्रिज. नो बस.”

दरवर्षी श्रावणात आमच्या पुलावर पाणी चढतं. चित्रात पूल नव्हता, बसही नव्हती. मुलं हसली, मीही हसले. साहेब हसले नाहीत.

मुख्याध्यापकांच्या खोलीत साहेबांनी आम्हा दोघींना उभं ठेवलं. “एवढ्या वेळात काय झालं वर्गात? चार चुकीची वाक्यं आणि मधे मराठी. मॅडम, वर मला उत्तर द्यावं लागते. आपली मुलं बोलत नाहीत म्हणून मलाच ऐकवतात.” त्यांचा आवाज चढला होता, पण मला तेव्हाही जाणवलं की तेही कोणाला तरी भिऊन होते. मग ते तिच्याकडे वळले. “तुमच्याजवळ सगळे तास रेकॉर्ड आहेत ना? मला द्या. मी ऐकतो, नेमकं काय चालते ते.”

तिचा चेहरा पांढरा पडला. घाबरली की ती हिंदीवर जायची. “सर, ये मैं नहीं दे सकती. मॅडमच्या परवानगीशिवाय नाही.”

“परवानगी मी दिली आहे तुम्हाला इथे बसायची. काढूनही घेऊ शकतो.”

“हो सर. पण रेकॉर्डिंग नाही देऊ शकत.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “मग तुम्ही द्या परवानगी. काही वावगं नसेल तर अडचण काय?”

 मुख्याध्यापक टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. हो म्हणून मोकळं व्हावं, असं मला फार वाटलं. मला सालेकसा दिसत होतं, जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथे बदली झाली तर घर कसं चालवायचं, सासूबाईंकडे कोण बघणार, हे सगळं डोक्यात फिरून गेलं. आणि त्याच वेळी ती पुलाची मुलगीही दिसत होती. त्या रेकॉर्डिंगमध्ये ती होती, सगळीच होती, अडखळणारी, चुकणारी, मला धिटाईने शब्द विचारणारी. त्यांची प्रत्येक चूक साहेब पेन घेऊन मोजत बसणार होते.

“नाही देत, साहेब,” मी म्हटलं.

“काय?”

“लेकरं आत्ता कुठे बोलून राहिली आहेत. ते मी कोणाले नाही देत.”

नोकरीत मी अधिकाऱ्याला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं आणि तेही गावच्या बोलीत.  साहेब उठले आणि चहा न घेता निघून गेले.

तिची परवानगी रद्द झाल्याचं पत्र आठवड्यात आलं. परीक्षेला अजून बराच अवकाश होता. तिने मुलांचा निरोप घेतला तेव्हा मुलांनी तिला “डोन्ट गो” म्हटलं. कोणी शिकवलं नव्हतं. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तर दिलं. पंचायत समितीत बोलावणं आलं, दिवसभर बाकावर बसवलं आणि संध्याकाळी आत घेऊन साहेब एवढंच म्हणाले, “सांभाळून राहत जा, मॅडम.” पुढे काही झालं नाही. बदलीच्या हंगामात मात्र यादी लागेपर्यंत माझी झोप उडाली होती. माझं नाव त्यात नव्हतं.

तिचा प्रबंध आहे तेवढ्यावरच उभा राहिला. सामग्री कमी पडली म्हणून मार्गदर्शकांनी तिला बरंच ऐकवलं, असं तिने फोनवर सांगितलं. माझ्या वर्गाबद्दलचं प्रकरण लिहून झाल्यावर तिने मला भेटायला बोलावलं, छापण्याआधी मी वाचावं म्हणून. ती गोंदियाहून बसने कोहमाऱ्याला आली, मी इकडून गेले. हायवेच्या एका ढाब्यावर आम्ही बसलो. बाहेर ट्रकांची रांग लागली होती. ती इंग्रजीतलं एकेक पान वाचत होती आणि मराठीत सांगत होती. एका ठिकाणी मी तिला थांबवलं. तिथे लिहिलं होतं की या शिक्षिकेला मुलांच्या अनपेक्षित उत्तराची भीती वाटते.

“हे काढ.” एव्हाना मी तिला अगं-तुगं करायला लागले होते.

“का, ताई? तुम्हीच सांगितलं होतं.”

“तुले सांगितलं होतं. सगळ्या दुनियेले नाही.”

“हे काढलं तर बाकी प्रकरणाला अर्थच राहत नाही. मग तुम्ही का थांबत नव्हता, ते कोणालाच कळणार नाही.”

“नाही कळलं तर नाही कळलं.”

आमचा आवाज वाढला. ढाब्यावरच्या माणसाने दोनदा मान वर करून पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ती मागे हटली नाही. शेवटी तिने ते पान माझ्याकडे दिलं. “तुम्ही नाही म्हणाल तर काढते. शब्द दिला आहे मी.”

मी ते पान घेतलं आणि तिच्या मदतीशिवाय इंग्रजीतूनच वाचलं, सावकाश, वरून खालपर्यंत. एका शब्दाचा अर्थ तिला विचारावा लागला. माझ्याबद्दल ते लिहिलेलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. तरी माझा चेहरा तापला होता.

“ठेव,” मी म्हटलं. “पण इथे नुसतं ‘अ टीचर’ लिहिलंस, तिथे वीस वर्षांचा अनुभव असलेली शिक्षिका, असं लिही. नवीन होती म्हणून घाबरली, असं वाटायले नको कोणाले.”

तिने डोळे पुसले आणि समासात पेनाने लिहून घेतलं. मग आम्ही समोसे मागवले.