दुसऱ्याच्या खाड्यावर

ज्या एसटीनं मी गाव सोडलं, ती एसटी माझ्या वडिलांनी वाटेत अडवली होती. बार्शीच्या वाटेवर, परंड्याच्या पुढं आमचं गाव. त्या सकाळी आई, चुलते, शेजारपाजार, सगळे मला फाट्यावर सोडायला आले. आबा तेवढे आले नाहीत. ते रोजच्यासारखे नाक्यावर गेले होते. निजामाचं राज्य होतं तेव्हा आमच्या गावापासून कोसभरावर हद्द होती, आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. आबा त्या नाक्यावर शिपाई होते. राज्य गेलं, पुढं हद्द गेली, मग नाकाही उठला. रिकाम्या खोलीसमोर आबा तेवढे उरले. आमची गाडी जवळ आली तसा त्यांनी हात आडवा केला. ड्रायव्हरला वाटलं, उतारू आहे. आबा दारातून आत डोकावले, माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडं पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "काय न्हाय, जाऊ द्या." सगळी गाडी हसली. मीही हसलो. का हसलो ते मला अजून कळलेलं नाही.

गावाकडच्या मंडळींनो, तुम्हाला वाटतं नागनाथ सोलापुरात गिरणीत कायम झाला, त्याचं भलं झालं. आणि माझ्यासारखं गाव सोडून इथं आलेल्यांनो, तुम्हाला तर खरं काय ते ठाऊकच आहे. दोघांनाही एकदम लिहायला बसलोय. कुणाला काय सांगायचं याचा घोळ डोक्यात तसाच आहे.

आबांपासूनच सुरुवात करतो. नाका उठल्यावर ते आजारी पडले, पण आजाराला नाव नव्हतं. आधी गुडघे धरले, मग पोट, मग झोप उडाली. नोकरी कच्ची होती, त्यामुळं पुढं कुठं सामावून घेतलं नाही. आमची धनगराची जात, पण मेंढरं चुलत्यांकडं होती आणि आबांना रानात चालायची सवय राहिली नव्हती. बार्शीच्या डॉक्टरनं छाती तपासली, जीभ पाहिली आणि म्हणाला, काही झालेलं नाही. गावातले लोक म्हणायचे, बसून असतो म्हणून दुखतं. आई म्हणायची, दुखतंय म्हणून बसलेत. मला दोन्ही पटायचं. ज्या दिवशी पाटील त्यांना कसलं तरी काम सांगून परंड्याला धाडत, त्या दिवशी आबा तीन कोस चालून येत आणि रात्री दोन भाकरी जास्त खात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघे. काही दिवस मी त्यांना ढोंगी समजत होतो, हे इथं लिहून टाकतो.

निघताना आईनं माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "नागू, म्या सोनारीच्या भैरवनाथाला बोललेय. माझ्या लेकराला रोजच्या रोज काम मिळू दे. तवर दर ऐतवारी उपास धरीन." मला बरं वाटलं. त्यात कुणाचं वाईट होईल असं तिच्या किंवा माझ्या मनात यायचं कारणच नव्हतं.

सोलापुरात आलो आणि बदलीवाला झालो. गावाकडच्यांसाठी सांगतो. बदलीवाला म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. सकाळच्या भोंग्याआधी आम्ही गेटवर जाऊन उभे राहायचो. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येऊन नावं पुकारायचा. ज्याचं नाव आलं तो आत, बाकीचे परत घरी. न आलेल्या कामगाराचा खाडा, आणि तो खाडा म्हणजे आमची भाकरी. त्यामुळं आम्ही बदलीवाले चहाच्या गाड्यावर सगळ्यांच्या तब्येतीची इतक्या जिव्हाळ्यानं चौकशी करायचो की एखाद्या सुनेनं सासूची केली नसेल. कुणाला ताप आहे, कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या पोराला गोवर आलाय, आम्हाला तोंडपाठ. हिवतापाच्या दिवसांत आमची चैन असायची. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

नाव पुकारायच्या वेळी माझ्या पोटात पीळ पडायचा. नाव आलं की पीळ जायचा, नाही आलं की दिवसभर राहायचा. काम नसलेल्या दिवशी जेवण जायचं नाही, काम असलेल्या दिवशी धूळ खाऊनही भूक लागायची. मला आबा आठवायचे. पण ते बसून होते आणि मी तर उभा होतो, मग दोघांचं दुखणं एक कसं, हे काही उमगायचं नाही.

मला पहिला आसरा दिला तो सिद्रामअण्णांनी. तुळजापूर तालुक्यातला माणूस, साचेखात्यातला जुना कामगार, दोन साचे चालवायचा. साचा म्हणजे माग. घरात ते आणि गंगाक्का, मूलबाळ नाही. त्यांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात मी वळकटी टाकली, आणि जेवायला आत. पहिल्या दिवशी गंगाक्का म्हणाली, "लाजू नगंस, तू आमच्या मुलखातला हाईस." चाळीत परका माणूस म्हणून पाहुणचार झाला तो तेवढा एकच दिवस. दुसऱ्या दिवसापासून मला नळावरून पाणी आणायला लावलं.

अण्णांनीच मला साचा शिकवला. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन साच्यावर इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा. त्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. त्याची झटपट रीत एकच. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत तोंडात येतं, त्याच्यासंगं कापसाची धूळही येते. दिवसभर हेच. एका माणसाचा धोटा दुसऱ्या पाळीत दुसरा तोंडाला लावतो. म्हणून तर महारवाड्यातल्या पोरांना साचेखात्यात येऊ देत नसत, त्यांना कमी पगाराच्या सूतखात्यात धाडत. त्यांचं उष्टं चालणार नाही, म्हणत. आम्हा धनगरांचं चाललं. उष्ट्यानं बाटतो हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. उष्ट्यातून रोग जातो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

अण्णांना खोकला होता. साचेखात्यात कुणाला नसतो? पण हळूहळू त्यांना दुपारनंतर कणकण येऊ लागली. अंगात ताप असला की ते जॉबरला निरोप द्यायचे, "आज आमच्या नागूला घ्या." दुसरा कुणी बदलीवाला साच्याला चिकटून बसला असता. माझ्यावर त्यांचा भरवसा होता. मी साचा सांभाळायचा, ते बरे झाले की परत द्यायचा. असं दोघांत कधी बोलणं झालं नाही, पण दोघांनाही ते कळत होतं.

पुढं त्यांचे खाडे वाढले आणि माझं काम वाढलं. आठवड्यातून दोन दिवस, मग चार दिवस. मी घरी मनीऑर्डर धाडू लागलो. गावच्या मास्तरांकडून आईनं पत्र लिहून घेतलं: भैरवनाथानं ऐकलं, आता काम वाढलंय, रोजचं मिळावं म्हणून मी उपास आणखी कडक केलाय, पाणीसुद्धा घेत नाही. पत्र वाचलं तेव्हा आत अण्णा खोकत होते. आईला लिहावं का, की आये, उपास सोड? काय म्हणून लिहावं? मला काम नको, असं? मी लिहिलं, इकडं सर्व कुशल आहे.

एका सकाळी अण्णा मोरीत खोकले, आणि त्यांनी घाईघाईनं पाणी ओतलं. मी मागंच उभा होतो. मला लाल दिसलं. त्यांनी ते ओळखलं. म्हणाले, "कुणापाशी बोलू नगंस. नाव कटंल." मी मान हलवली.

आठ दिवसांनी जॉबरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "खरं सांग, सिद्रामला काय झालंय?" आणि मी म्हणालो, "रक्त पडतंय."

तेवढंच. जॉबरनं काही दम दिला नव्हता, काही आमिष दाखवलं नव्हतं. मी का बोललो? अण्णांना वेळेवर औषध मिळावं म्हणून, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. मला त्यांची काळजी वाटत होती, जीव तुटत होता. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं तपासून अण्णांना घरी धाडलं, आणि महिन्यात त्या साच्यावर माझं नाव कायम झालं. नाव कायम होणार हे मला बोलताना ठाऊक नव्हतं का? होतं. मग? इथपर्यंत येतो आणि पुढं डोकं चालत नाही.

अण्णा गावाबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात दीड वर्ष होते. नवी इंजेक्शनं निघाली होती, ती लागू पडली. इकडं चाळीत गंगाक्काची घागर नळावर बाजूला ठेवायला लावली, संक्रांतीला तिच्याकडचं वाण कुणी घेईना. तिनं चार घरची धुणी धरली होती, ती सुटली. मी तिथंच जेवत होतो. मी वेगळी खोली बघत नाही म्हणून ती मला देवमाणूस म्हणायची. मी तेही ऐकून घेतलं.

अण्णा परत आले तेव्हा गालांवर मांस चढलेलं होतं. डॉक्टरचा कागद खिशात होता, छाती साफ. दुसऱ्याच सकाळी ते गेटवर जाऊन बदलीवाल्यांत उभे राहिले. एवढा जुना कामगार, पोरांच्या रांगेत. मी त्यांच्या समोरून आत जायचो. त्यांचं नाव काही पुकारलं जाईना. तीन महिन्यांत त्यांचे गाल बसले. झोप लागेना, अन्न पोटात ठरेना. मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाला, रोग गेलाय, आता काही झालेलं नाही. हे वाक्य मी बार्शीत एकदा ऐकलं होतं. औषधानं बरा झालेला माणूस गेटवर उभा राहून पुन्हा आजारी पडतो, याला डॉक्टरकडं काही नाव नसतं का?

मी जॉबरकडं गेलो. तो म्हणाला, "घेतला असता रं. पर त्याचा धोटा तोंडाला कोण लावणार? तू लावशील?"

"लावीन," मी म्हणालो. माया होती, की फेड होती, की नुसता राग, कोण जाणे. तेव्हापासून दर सोमवारी माझं पोट दुखतं. मी खाडा करतो आणि माझ्या साच्यावर अण्णा जातात. मंगळवारी मी तोच धोटा घेतो. पहिल्या मंगळवारी तो हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो ते शेजारच्या साचेवाल्यानं पाहिलंय. माझी छाती दोनदा तपासून घेतली. अजून काही नाही.

अशाच एका सोमवारी आई आली. नवस फेडून, सोनारीचा अंगारा आणि पुरणाचे दिंड घेऊन, न कळवता. मला घरात बघून दचकली. "रोज काम हाय म्हनला व्हतास की!" तेव्हा मी तिला सांगितलं. बदली म्हणजे काय, खाडा म्हणजे काय, कुणाच्या आजारपणावर मला रोज काम मिळालं. सगळं सांगितलं. जॉबरला काय बोललो ते मात्र सांगितलं नाही.

तिनं अंगाऱ्याची पुडी पुन्हा पदराला बांधली. मग म्हणाली, "म्हंजी म्या देवाला ह्येच मागितलं व्हय रं?"

संध्याकाळी अण्णा कामावरून आले. आई डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांच्यासमोर गेली आणि हात जोडून म्हणाली, "भाऊ, माझ्या उपासानं तुमचं वाटूळं झालं. मला ठावं नव्हतं. पदरात घ्या."

अण्णा हसायला लागले, इतके की गंगाक्का पाणी घेऊन धावली. "अहो आक्का," ते म्हणाले, "तुमचा देव लई मोठा असंल, पर गिरणीत त्याला सोडतंय कोण? त्याला बी गेटवर उभारावं लागंल." आईही डोळे पुसत हसली. दोघांचं तिथंच मिटलं. जिचा काही दोष नव्हता ती माफी मागून मोकळी झाली, आणि ज्यानं जॉबरपाशी ते शब्द उच्चारले तो मी कोपऱ्यात दिंड खात बसलो होतो. तोंड उघडायला तेव्हाइतकी चांगली वेळ पुन्हा आली नाही.

आता मला दोन घरं आहेत. गावी गेलो की आबा विचारतात, तब्येत कशी हाय, आणि मी त्यांचे गुडघे चेपतो. पूर्वी ढोंग वाटायचं ते आता वाटत नाही, एवढंच. आई ताट वाढते आणि शेजारणीला सांगते, माझं लेकरू लई मायाळू, आजारी माणसाला सोडलं न्हाय त्यानं. मी खाली मान घालून जेवतो. इथं अण्णांच्या घरीही तसाच जेवतो.

उद्या सोमवार. अण्णा डबा घेऊन जातील, जाताना त्यांची चाल अगदी पूर्वीसारखी असते. दुपारी मी आत जाऊन पाटावर बसेन. माझ्या पोटाला काही झालेलं नाही, हे गंगाक्काला पहिल्या सोमवारपासून ठाऊक आहे. तरी ती भाकरी वाढताना विचारते, "दुखायचं थांबलं का रं?" आणि मी म्हणतो, "व्हय."