हरळीला शेवटचं पाणी

मनकर्णा त्या मैदानावर नवरी म्हणून आली. नवरा गोरक्ष कॉलेजच्या फुटबॉल मैदानाचा माळी. प्रेक्षकांच्या दगडी पायऱ्यांखाली एक खोली होती, तिथंच दोघांनी संसार मांडला. भिंगारच्या लष्करातली पोरं खेळायला आली की डोक्यावर त्यांच्या सोबत्यांचा नुसता धिंगाणा. छताची माती भाकरीत पडू नये म्हणून ती परात झाकून ठेवी. मोठा हादरा बसला की गोरक्ष दारातून सांगे, "आपला न्हाई गं, त्यांचाच गोल झाला."

मग एका दुष्काळात मैदानावर जनावरांची छावणी बसली. गुरं गेली तेव्हा गवताची काडी उरली नव्हती, नुसती काळी माती. नवरा-बायकोनं नेवाशाला जाऊन प्रवरेच्या काठची हरळी उपटली, गोणपाटात भरून आणली आणि वाकून वाकून मैदानभर लावली. पुढं गोरक्ष गेला, पण हरळी राहिली. कॉलेजनं मनकर्णेला रोजंदारीवर ठेवून घेतलं. दर चतुर्थीला ती मैदानाच्या कोपऱ्यातून, जिथं कुणाचा पाय पडत नाही तिथून, गणपतीला त्याच हरळीच्या दूर्वा खुडायची.

यंदा मैदान नवं करायचं ठरलं. पायऱ्यांची डागडुजी, वर पत्रा, खाली प्लॅस्टिकचं गवत. मनकर्णेला घोर लागला तो खोलीचा. नेवाशाला दिराची पडवी होती, पण तिथं जायचं म्हणजे जाऊबाईचं तोंड बघत दिवस काढायचे. खेळाचे शिक्षक जेम्स सर देवमाणूस. त्यांनी प्राचार्य मॅडमना गळ घातली आणि येऊन सांगितलं, "मावशी, झाडलोटीला तुम्हीच. खोली तुमचीच राहील. फक्त काम नीट पार पडू द्या."

कंत्राटदाराचा माणूस होता कल्याण, तोंडाचा फटकळ पण मनाचा वाईट नव्हे. "मावशी, आता पाणी बंद. माती वाळली पाहिजे, हे गवत उकरायला मशीन येणारंय."

"आन् नव्या गवताला पानी?"

"त्याला काय करायचंय पाणी? शेळीसुद्धा हुंगणार नाही."

"मंग त्याला गवत कशापायी म्हनायचं?"

"मी नाही म्हणत. बिलात तसं लिहिलंय," कल्याण हसला.

तिनं पाणी तोडलं. हरळी पिवळी पडत गेली. मशीन येणार त्या दिवशी पहाटेच ती उठली. आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला आणि तांब्यात तुळशीचं पान टाकून मैदानात गेली. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालावं लागतं. गोरक्षाच्या घातलं, सासूच्या घातलं. मैदानाच्या मधल्या वर्तुळात तिनं तांब्या ओतला. मग तिला वाटलं, एवढ्या पसरलेल्या जिवाचं तोंड नेमकं कुठं? एका कडेला दिलं आणि दुसरी कड तहानलेली गेली तर? तिनं तुळशीची मूठभर पानं खुडून पाण्याच्या टाकीत सोडली, नळ सोडला, पाइप ओढला आणि उजाडेपर्यंत सगळं मैदान फिरली. मातीचं काय होईल, हे तिच्या मनातही आलं नाही.

काळीच माती ती. मशीन गोलच्या खांबापर्यंत गेलं आणि पोटापर्यंत रुतलं. काढायला दुसरं आणलं, तेही फसलं. काम थांबलं, कंत्राटदार भरपाईसाठी कॉलेजच्या डोक्यावर बसला.

मॅडमच्या खोलीत सगळे उभे होते. जेम्स सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "मावशी, पाइप जुना होता. रात्री फुटला असेल, हो ना?"

कल्याणही खाली बघत पुटपुटला, "फुटतात असले पाइप."

मनकर्णेला कळलं, दोघं तिला वाट करून देताहेत. नुसती मान हलवायची होती. खोली डोळ्यांपुढं आली, चूल आली, दिराची पडवीही आली.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मीच घातलं."

"तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"व्हय. सांगितलं हुतं."

मॅडमनी पुढचे कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, "आता मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

सामान बांधायला जेम्स सर आले. भांड्यांची गोणी टेम्पोत चढवताना त्यांना राहवलं नाही. "एक शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं, मावशी?"

"सर, तुळशीपत्र टाकून घातलेलं पानी हाय ते. पाइपाच्या नावावर कसं घालू? मंग हरळीच्या तोंडात काय पडलं म्हनायचं?"

सरांनी गोणीची गाठ पुन्हा आवळली.

नेवाशाला जाऊबाईनं पडवीचा कोपरा झाडून दिला. उद्घाटन झाल्याचं जेम्स सरांनी फोनवर कळवलं, तेव्हा दिरानं सहज विचारलं, "पायऱ्या तरी ठेवल्या का, वहिनी?"

"ठेवल्या म्हन्त्यात," मनकर्णा म्हणाली. "खोलीत आता बॉल ठेवत्यात."