पेटी थांबेपर्यंत

भजनी मंडळाचे किस्से सांगायला म्हणून कोणी बसत नाही. भजन संपतं, चहा येतो, सतरंजी गुंडाळायची राहते आणि तेवढ्यात कुणाला तरी मागचं काही आठवतं. मग एका किश्श्याला दुसरा चिकटत जातो. आमच्या लाखांदूरच्या महिला मंडळाचे किस्से मी कित्येक वर्षं घरात बसून ऐकले, कारण माझी बायको सुनंदा तिथे कीबोर्ड वाजवायची. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती गेली. आता त्या किश्श्यांत मीच असतो.

*

तेरवी झाल्यावर मंडळाच्या मुख्य गायिका कौसाबाई घरी आल्या. मला वाटलं, कीबोर्ड न्यायला आल्या असतील. मी तो पुसून, कव्हर घालून दाराशी ठेवलाही.

"पेटी न्याले नाही आली, गुरुजी," त्या म्हणाल्या. मंडळात कीबोर्डलाही पेटीच म्हणतात. "तुमाले न्याले आली."

मी शाळेत प्रार्थनेपुरती पेटी वाजवतो, त्यापलीकडे मला काही येत नाही, असं सांगून पाहिलं. बायकांत एकटा पुरुष कसा दिसेन, तेही सांगितलं.

"सुनंदाबाईच्या वर्षाच्या दिवशी भजन तर आम्ही करूच. तवा तिच्या पेटीवर भाड्याचा माणूस बसवाचा का?"

मी कव्हर काढलं.

*

कीबोर्डच्या एका बटनाला सुनंदाची लाल टिकली चिकटलेली होती. चुकून लागली असेल म्हणून नखानं काढणार होतो. आधी दाबून पाहू म्हटलं. बटन दाबलं, डाव्या हाताची तीन बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि दचकून उचलली. तीन सूर मी एकत्र दाबले होते, पण ते एकामागून एक, जिना चढल्यासारखे धावत वर गेले आणि खाली आले. बोटं जागची हलली नव्हती.

याला आर्पेजिओ म्हणतात, हे कीबोर्डसोबतच्या पुस्तिकेत वाचलं. तिला हवा तसा जुळवून तिनं तो त्या बटनात सेव्ह केला होता. हेच सूर मी किती संध्याकाळी शेजारच्या खोलीतून ऐकले होते. "तुझी बोटं काय पळतात गं," असं म्हणायचो. ती नुसती हसायची.

हे मी मंडळात सांगितलं, तर ढोलकीवाल्या विमलबाई म्हणाल्या, "आमाले मालूम होतं जी. तिनंच सांगतलं होतं, गुरुजीपाशी बोलू नोका, तेवढंच एक कौतुक करतेत."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. टिकलीचा डिंक सुटत आला होता. घरी येऊन तिच्यावर पारदर्शक टेप लावली.

*

मंडळाचा जुना नियम आहे: पेटी थांबल्याशिवाय भजन थांबवायचं नाही. शेवट पेटीवाल्यानं द्यायचा.

एकोडी गावात एका घरी बारशाचं भजन होतं. आर्पेजिओला 'होल्ड' नावाची एक सोय असते. ती लावली की हात उचलले तरी सूर चालूच राहतात. ती माझ्याकडून कशी लागली, कळलं नाही. शेवटच्या ओळीवर मी हात उचलले. सूर चालू. बायकांनी माझ्याकडे पाहत ध्रुवपद पुन्हा घेतलं. मी दिसेल ते बटन दाबलं, तर सूर चालूच, वर आतून टाळ्यांचा आवाजही यायला लागला. ध्रुवपद पुन्हा. पाळण्यातलं पोर रडायला लागलं. शेवटी घरधन्यानं येऊन वायर उपटली.

कौसाबाई घोटभर पाणी प्यायल्या. "गुरुजी, या पोराच्या लग्नापर्यंत गात बसाचं होतं का आम्ही?"

*

दुसरी अडचण लयीची. भजन शेवटाकडे चढत जातं. यंत्र चढत नाही. बायका पुढे, मी मागे.

"तुमचा बैल चिखलात बसला का जी?" विमलबाई म्हणाल्या.

मी समजावलं, मशीनचा वेग ठरलेला असतो.

"मंग सुनंदाबाईचा कसा पळे?"

मग ढोलकी आवळता आवळता विमलबाई थांबल्या. "ते मंधामंधात एका बटनावर बोट मारत राहे. आमाले वाटे, सवय असंन."

ते बटन 'टॅप टेम्पो'चं. ढोलकीच्या थापेबरोबर त्यावर बोट मारलं की यंत्र तो वेग धरतं. होल्ड लावलेला असला की त्यासाठी डावा हात मोकळा राहतो. एकोडीला माझ्या हातून जे चुकून झालं, ते ती मुद्दाम करत होती. त्यानंतर मी रोज शाळेतून आलो की तेवढंच करत बसायचो.

*

दसऱ्याला आम्ही वाद्यांची पूजा करतो. हळदकुंकू वाहिलं, कुणीतरी कीबोर्डवर नारळ ठेवला. प्लग चालूच राहिला होता. नारळाखाली पट्ट्या दबल्या आणि सूर धावायला लागले. बायकांनी हात जोडले. कौसाबाईंनीही जोडले, मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "गुरुजी, नारळ तुमच्यापेक्षा बरा वाजवते."

*

वर्षाच्या दिवशी भजन आमच्याच घरी झालं. समोर तिचा फोटो, बाजूला कौसाबाई, विमलबाई. शेवटचं भजन सुनंदाच्या आवडीचं होतं. मी टिकलीचं बटन दाबलं, होल्ड लावला. उजव्या हातानं चाल धरली. लय चढायला लागली, तसं डाव्या हातानं थापेबरोबर बोट मारत गेलो. यंत्र चढलं. विमलबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

शेवटची ओळ आली. मी हात उचलले. सूर चालू राहिले. होल्डचं बटन कुठे आहे, हे आता मला अंधारातही सापडलं असतं.

बायकांनी ध्रुवपद पुन्हा घेतलं. मग पुन्हा.

पानं वाढली आहेत हे सांगायला माझी बहीण दारात आली. यंत्र अडकलं असं तिला वाटलं असावं. ती भिंतीजवळच्या प्लगकडे वाकली. कौसाबाईंनी गाता गाताच हात आडवा केला.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यांनी ध्रुवपद पुन्हा घेतलं.